'ए' सर्टिफिकेटचा जुना सिनेमा व्हीएचएसवर: पूर्ण आहे की कापलेला?

रंकाळा_रिवाइंड:
१९८५ चा मल्याळम सिनेमा, हिंदीत डब केलेला, 'फक्त प्रौढांसाठी'. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीचा माल आलाय, त्यात कॅसेट आहे. विकणारा 'ओरिजिनल' म्हणतो. लेबलवर १३० मिनिटं. सेन्सॉर सर्टिफिकेटचा फोटो माझ्याकडे आहे, त्यावर लांबी ३,७०० मीटर. म्हणजे पाचेक मिनिटं उडवलीत ना? शिवाय कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसते. घ्यावी का?

पेठेतला_प्रोजेक्टर:
उडवलेलं काही नाही, गणित बघा. ३५ एमएमची फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. ३,७०० मीटर म्हणजे १३५ मिनिटं. पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) टेपवर उतरवताना तीच फिल्म २५ फ्रेमने पळवतात, म्हणून वेळ चार टक्के घटतो आणि आवाजही जरा चढा लागतो. १३५ चे १३० तिथेच होतात.

उलट पाल कॅसेट १३५ भरली असती तर मी आधी संशय घेतला असता. त्या काळी मधेच दुसऱ्या सिनेमाचे 'बिट', म्हणजे उत्तान तुकडे, चिकटवायचे. रंग आणि पार्श्वसंगीत एकदम बदललं की ओळखायचं. एनटीएससी (अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत) कॉपीला मात्र १३५ च बरोबर.

लेबलवर विसंबू नका, घड्याळ लावून मोजा. जुन्या व्हीसीआरचा चार आकडी काउंटर मिनिटं नाही, रिळाचे फेरे मोजतो. आणि सर्टिफिकेटच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉरने आधीच काप दिलेत.

तांबडा_ट्रॅकिंग:
ओरिजिनल की कॉपी ते चित्राच्या तळाशी कळतं. प्रत्येक व्हीएचएसला तिथे थरथरती पट्टी असते. जुने टीव्ही ती झाकतात, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं (कॅप्चर) की दिसते. तिच्या जरा वर दुसरी पट्टी चित्रातच रुतलेली दिसली तर ती कॉपीची कॉपी. पण मिळतच नसेल तर कॉपीही घ्या राव, फक्त भाव तसा पाडा.

पंचगंगा_पाल:
भुकटी म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटचं हेच होतं. चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका: हेड (फीत वाचणारे भाग) चोंदतात, बीजाणू पुढच्या कॅसेटला लागतात, आणि फितीचे थर चिकटले असतील तर ती फाटते.

आधी सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. ओली बुरशी पुसली तर माखते, सुकलेली झडते. मग मास्क लावून, घराबाहेर, खालचे पाच स्क्रू काढा आणि दोन्ही रीळं स्वच्छ रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. फितीचा मार्ग उघडण्याआधी फोटो काढून ठेवा, स्प्रिंग उडतात. टाकाऊ व्हीसीआरमध्ये घालून, फितीला हलकं लिंट-फ्री कापड टेकवून, एकदा पुढे एकदा मागे फिरवा. कापड काळं-पांढरं झालं की बदला.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शॅमॉय (मऊ चामड्याचं कापड). कापड स्थिर धरा, ड्रम (हेड बसवलेला गोल भाग) हाताने फिरवा. वर-खाली घासलंत किंवा कानकाडी लावलीत तर हेड तुटलंच. फीत तुटली तर सेलोटेप नको, गोंद हेडला लागतो. फीत जोडायची खास स्प्लायसिंग टेपच.

रंकाळा_रिवाइंड:
व्हीसीआर उद्यमनगरात दाखवतो. इजेक्ट करताना फीत आत अडकते.

पंचगंगा_पाल:
बेल्ट ढिला आणि पिंच रोलर (फीत ओढणारा रबरी रोलर) कडक झालेला. दोन्ही बदला, त्याशिवाय ही कॅसेट लावू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, तेव्हापासून बरेच भाग जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात.

पेठेतला_प्रोजेक्टर:
पहिल्याच फेरीत रेकॉर्ड करा, दुसरी मिळेल याचा भरवसा नाही. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (सम-विषम ओळी आलटून पालटून) तसंच ठेवा. लॉसलेसला (दर्जा न घटवता साठवायला) तासाला ३० ते ३५ जीबी, म्हणजे ८० जीबी मोकळे हवेत. स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिक फ्रेम गाळते आणि आवाज मागेपुढे सरकतो. मधे टीबीसी (सिग्नलची वेळ सावरणारं सर्किट) असलेला डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तर ते बरंच कमी होतं.

नेटवर टाकू नका. कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं, म्हणजे २०४५ संपेपर्यंत. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हला विचारून बघा, प्रिंट नसली तरी पोस्टर किंवा गाण्यांची चोपडी असू शकते. डब करताना नावं बदलायचे, चोपडीवर मूळ नाव सापडतं.