१४७००के साठी लिक्विड कूलर कोणता घेऊ? पीसी उद्यमनगरात, रन तीन-तीन तासांचे

पॅटर्नवाला_उद्यमनगर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्न शॉप (ओतकामाचे नमुने बनवायचं) आहे. कास्टिंगचं सिम्युलेशन आता केबिनमधल्या पीसीवरच करतो. प्रोसेसर आय७-१४७००के, त्यावर दोन पंख्यांचा टॉवर एअर कूलर. साचा भरून धातू गोठेपर्यंतचा एक रन तीन-साडेतीन तास चालतो. पाच मिनिटांत तापमान १०० अंशांना टेकतं आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) पडायला लागतो. मार्चात ही गत, मग मे महिन्यात काय होणार? बजेट १३ हजार. डोक्यात तीन लिक्विड कूलर आहेत: आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा ३६०, डीपकूल एलएस७२०, नाहीतर कोर्सेअरचा एखादा २४०. रात्री रन लावून घरी जातो, त्यामुळे पाणी गळलं तर काय ही धास्ती आहेच.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
भाऊ, २४० यादीतून आधी काढा. १४७००के मोकळा सोडला तर २५३ वॅटपर्यंत ओढतो. २४० वर १२० मिमीचे दोन पंखे, ३६० वर तीन, म्हणजे हवा लागायला दीडपट जागा. गेम खेळणाऱ्याला हा फरक फारसा जाणवणार नाही, तुम्हाला जाणवेल. पाणी सावकाश तापतं. सुरुवातीची काही मिनिटं ते उष्णता पोटात घेतं, म्हणून आकडे छान दिसतात. एकदा पाणी तापलं की सगळी मदार रेडिएटरवर, म्हणजे पंखे लावलेल्या, पाणी गार करणाऱ्या भागावर. त्यामुळे दहा मिनिटांची टेस्ट दाखवणारे व्हिडिओ बघून ठरवू नका, निदान अर्धा तास लोड दिलेला बघा. त्यात खोलीचं तापमान किती होतं तेही बघा. २२ अंशांच्या एसी खोलीत ८० दाखवत असेल, तर तुमच्या ३५ च्या केबिनमध्ये ९३ च्या आसपास धरा.

उरलेल्या दोघांत मी आर्क्टिक घेईन. त्याचा रेडिएटर ३८ मिमी जाड, एलएस७२० चा २७. सोबत कॉन्टॅक्ट फ्रेम येते. तुमच्या सॉकेटची मूळ पट्टी चिपला मधेच दाबते, त्यानं चिप किंचित वाकते; ही फ्रेम दाब सगळीकडे सारखा देते. पंपावर एक छोटा पंखा आहे, तो प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) वारा घालतो. एअर कूलर काढला की त्या भागाला वारा कमी पडतो, म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या मशीनला याची किंमत आहे. वॉरंटी ६ वर्षं. पण पट्टी घेऊन मोजा: ३८ अधिक पंख्याचे २५, म्हणजे छतापासून ६३ मिमी. रॅम उंच असेल तर अडेल. अडलाच, तर एलएस७२० बिनधास्त घ्या. त्याच्या रेडिएटरमध्ये दाब वाढला तर सामावून घेणारी लवचीक पिशवी आहे.

गळतीपेक्षा पंप बंद पडण्याची काळजी करा. माझ्या आधीच्या कूलरचा पंप चौथ्या वर्षी गेला. प्रोसेसर उकळत होता आणि रेडिएटर मात्र गारढोण. दोन्ही नळ्यांना हात लावला, प्रोसेसरवरच्या ब्लॉकजवळ चटका आणि पुढं काहीच नाही, तेव्हा कळलं.

शिरोली_एमआयडीसी:
वरच्यांनी बसवायची जागा सांगितली नाही. रेडिएटर छतालाच लावा. आत थोडी हवा असतेच, ती वर चढते. पंप सगळ्यात उंच झाला तर हवा त्याच्यातच अडकते, खळखळ आवाज येतो आणि पंपाचं आयुष्य घटतं.

दुसरं, तुमच्या भागातली धूळ साधी नाही. आमच्याकडे ग्राइंडिंगची लोखंडी भुकटी पंख्याच्या मधल्या चुंबकाला चिकटून काळा थर झाला होता, आणि रेडिएटरच्या पट्ट्यांत फेल्टसारखी चादर. तीच भुकटी मदरबोर्डावर पडली तर शॉर्टची भीती. पीसी जमिनीवरून उचला, केबिनच्या दाराला रबर लावा, दर महिन्याला जाळी झाडा. शॉपच्या कॉम्प्रेसरनं मारणार असाल तर आधी टाकीतलं पाणी ड्रेन करा, नळीत तेल येत नाही ना बघा, दाब कमी ठेवा आणि पंखा बोटानं धरा.

राजारामपुरी_८वी_गल्ली:
धुळीचं खरंच मोलाचं सांगितलंत. अजून एक, बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट २०० वॅटवर आणा. वेग थोडा घटतो, उष्णता बरीच घटते. आणि बायोस अपडेट केलं नसेल तर आजच करा. १३व्या-१४व्या पिढीच्या या चिपांना जास्त व्होल्टेज जाऊन त्या खराब होत होत्या, त्यावर इंटेलनं २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारी चिपची दुरुस्ती) दिला. त्याची उणीव कुठलाही कूलर भरून काढणार नाही.

पॅटर्नवाला_उद्यमनगर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मोजलं, ६३ मिमी बसतंय, रॅमच्या वर बोटभर जागा उरते. आर्क्टिक घेतला, रविवारी छताला बसवला, बायोसही केलं. काल लिमिट २०० ठेवून पंप हाउसिंगच्या कास्टिंगचा रन लावला. केबिनमध्ये ३३ अंश, तीन तासांनी प्रोसेसर ८४ वर, क्लॉक एकदाही पडला नाही. दाराला रबर आज लावतोय.