कुंडीतला कोळकांदा मेला की काय?

गोरेगावकरीण: गुहागरच्या आत्याने गेल्या मेमध्ये कातळावरचा कोळकांदा, म्हणजे रानकांदा, आणून दिला. ग्रिलमधल्या कुंडीत पावसाळ्यात पानं तरारली, दिवाळीनंतर पिवळी पडून गेली. रोज पाणी घालतेय, पण काही हालचाल नाही!

कातळवेडा: ताई, झोपलाय तो. पाणी बंद करा, नाहीतर कुजेल. उन्हाळ्यात आधी नुसता दांडा येतो, फुलं संध्याकाळनंतर उमलतात. पानं पावसात.

जुना माळी: भूमध्य समुद्राकाठचा याचा भाऊ मीटरभर दांडा काढतो. त्याच्या लाल जातीपासून उंदरांचं विष करायचे. आपलाही विषारीच, हृदयावर परिणाम करतो. कांद्याच्या टोपलीपासून लांब ठेवा.

गोरेगावकरीण: अगंबाई! सासूबाईंनी कुंडी कालच स्वयंपाकघराच्या खिडकीत आणलीय. आधी ती हलवते.