अनुभव धागा : शाळेजवळची पालं, फुटपाथवर झोपणारी माणसं आणि आपली पोरं (सांगली, मिरज, सातारा)

चौथीतलीची आई, सांगली

हा धागा मुद्दाम काढतेय कारण दोन महिने डोक्यात हेच चाललंय. माझी मुलगी चौथीत आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून जी मोकळी जागा आहे तिथं दिवाळीनंतर पालं, म्हणजे कापडाचे तंबू, पडली, आधी चार होती, आता पंधरा-सोळा तरी असतील. काही ऊसतोडीची माणसं, काही फुगे-खेळणी विकणारी, एकदोन कुठली ते मला माहीत नाही. मागच्या महिन्यात मला शाळेत पोचायला वीस मिनिटं उशीर झाला, व्हॅन त्या दिवशी नव्हती, आणि ही एकटी गेटबाहेर उभी. समोर कट्ट्यावर एकजण पिऊन बसलेला, तो हिला "ये, इकडं ये" म्हणून हाका मारत होता. मी गाडी लावली तेव्हा पोरगी भिंतीला चिकटून उभी होती, रडतही नव्हती. त्या रात्री ती माझा हात धरून झोपली आणि मला झोपच लागली नाही.

आणि त्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपवर एक फोटो आला, त्या पालातली एक बाई कडेवर गोरंपान बाळ घेऊन उभी, खाली लिहिलेलं 'हे बाळ हिचं वाटतं का, सावध रहा'. मी तो फोटो दोन ग्रुपवर पुढं पाठवला. हो, मीच पाठवला. चार दिवसांनी शाळेतल्या मावशींनी सांगितलं की बाळ तिचंच आहे, इथंच सिव्हिलला जन्मलं.

म्हणून विचारतेय. तुमच्या पोरांच्या शाळेजवळ असं काही असेल तर काय पाहिलं, काय झालं, तुम्ही काय केलंत ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं लिहा. शाळेचं नाव, कुणाचा नंबर, लहान मुलांचे फोटो टाकू नका.

व्हॅनवाले मामा, माधवनगर रोड

ताई मी अठरा वर्षं पोरांची ने-आण करतोय. खरं सांगतो, मला पालातल्या माणसांपेक्षा रस्त्याची भीती जास्त वाटते. पालाच्या दोऱ्या फुटपाथवर ताणून खुंट्या मारलेल्या असतात, मग सायकलवाली पोरं फुटपाथ सोडून रस्त्यावरनं चालतात, आणि सीझनला मागनं ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून येतोय, त्याला ब्रेक लागायचा कधी. त्यात पालातली बारकी पोरं ट्रॉलीतनं ऊस ओढायला मागं पळत्यात. एकदा असंच एक पाच-सहा वर्षाचं पोरगं माझ्या व्हॅनच्या पुढं आलं, हातभर अंतरावर थांबली गाडी. आत चौदा पोरं होती. माझे पाय अर्धा तास लटलटत होते.

मी काय केलं, गाडी बाजूला लावली आणि मुकादमाला गाठलं. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम, म्हणजे मजूर घेऊन येणारा, असतोयच, त्याला विचारा, बाकीच्यांशी भांडून उपयोग नाही. त्याला म्हटलं दोऱ्या दोन हात आत घे, चालायला वाट सोड. संध्याकाळपर्यंत त्यानं खुंट्या काढून आत मारल्या बघा. अर्ज नाही काही नाही.

मिरजेची, नाव नको

माझा अनुभव वेगळा आहे आणि मला लिहायला जड जातंय. माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. क्लासवरून येताना शाळेच्या बाजूच्या बोळात एकानं तिचा हात धरला, नको तिथं हात लावला. तो त्या पालांतच राहणारा होता. म्हणजे उगाच भीती, उगाच संशय असं कुणी मला सांगू नका, ते झालेलं आहे.

ज्यांच्यावर वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्यात मुलीला पोलीस ठाण्यात बसवून ठेवायची गरज नसते, जबाब घरी येऊन घेतात, शक्यतो महिला अधिकारी असते आणि अंगावर गणवेश नसतो. हे मला एका ओळखीच्या वकीलबाईंनी सांगितलं म्हणून मी तसं मागितलं, आणि तसं झालं. मुलगी तिच्या पलंगावर बसून बोलली. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर पण चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, तो पोरांना पाठ करायला लावा.

आणि एक गोष्ट जी मी कुणाला बोलले नव्हते. त्या माणसाला ओळखून दाखवलं ते त्याच पालातल्या दोन बायकांनी. त्यातली एक म्हणाली, आमच्या पोरींना पण तो असंच करतो, आम्ही कुणाला सांगायचं. चार दिवसांनी सगळी पालं एका दिवसात उठवली. सगळी. त्या दोघी पण गेल्या, कुठं गेल्या माहीत नाही, मी आभार मानायला गेले तेव्हा तिथं चुलीचे दगड तेवढे होते. माझी भीती अजून गेलेली नाही, मुलगी आता नववीत आहे तरी मी बोळाच्या तोंडाशी उभी राहते. पण त्या दोघींना आपण उठवायला नको होतं असं मला रोज वाटतं.

जतचा

चौथीतलीची आई, तुम्ही फोटोचं कबूल केलंत म्हणून लिहितोय, रागावू नका, पण आधी तो फोटो दोन्ही ग्रुपवरनं काढा आणि जिथं पाठवला तिथं 'बाळ तिचंच आहे' असं स्वतः लिहा. आमच्या जत तालुक्यात लवंगा गावात सप्टेंबर २०२२ मध्ये चार साधूंना पोरं पळवणारे समजून मारहाण झाली. पंढरपूरच्या वाटेवर होते बिचारे. आणि त्याच्या आधी १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं ठार मारली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी, मंगळवेढ्याकडची. मंगळवेढा आम्हाला लांब नाही, ह्या समाजाची माणसं आमच्या दारात पिढ्यानपिढ्या येतात, माझी आज्जी त्यांना पसाभर ज्वारी दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायची नाही. त्या वेळी पण मोबाईलवर मेसेजच फिरत होते. पोरांच्या काळजीनंच पाठवत होते सगळे.

गावभागातले आजोबा

माझा नातू तिसरीत आहे. मी रोज सोडायला जातो. आमच्या तिथं शाळेच्या कंपाउंडला टेकून ऊसाच्या पाचटाच्या खोपी आहेत आणि त्यांच्या दारातच चूल. मला काळजी आगीची वाटते. पाचट म्हणजे ठिणगी पडायचा अवकाश, आणि भिंतीच्या पलीकडे बालवाडीचे वर्ग. हे मी लेखी दिलेलं आहे, तीनदा दिलेलं आहे, पोच आहे माझ्याकडे.

पण अर्जात 'हाकलून द्या' हे शब्द मी लिहिले नाहीत, त्याचं कारण सांगतो. ऑगस्ट २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा नदी ५७ फुटांच्या वर गेली, ४५ ला धोका पातळी असते. आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या पायऱ्या बुडाल्या. आठ दिवस आम्ही एका शाळेच्या वर्गात होतो, अकरा कुटुंबं एका खोलीत, बेंचांची उतरंड रचून आडोसा केलेला. माझी सूनबाई तेव्हा सात महिन्यांची गरोदर. पहाटे उजाडायच्या आत बायका आडोशाला जायच्या. तेव्हा त्या शाळेच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी भाकरी आणून दिली, आमच्याकडं कुणी संशयानं बघितलं नाही. मी अर्जात लिहिलंय की चुली भिंतीपासून लांब करा, पत्र्याची शेड द्या आणि एक फिरतं शौचालय ठेवा. अजून उत्तर नाही.

ऋतुजाची मम्मी

आजोबांनी लिहिलं तेच. आमच्याकडं मुख्य त्रास वासाचा आणि माशांचा. शौचालय नाही तर ती माणसं तरी कुठं जाणार, मग शाळेच्या मागच्या चरात जातात. पावसाळ्यात अर्धा वर्ग जुलाबानं घरी होता.

सातारा, पोवई नाक्याजवळ

आमच्या इथं पालं नाहीत पण एक मनोरुग्ण गृहस्थ शाळेच्या बसस्टॉपवर राहायचे. अंगावर फाटकी गोणी, पोरं चिडवायची मग ते दगड घेऊन धावायचे. एका मुलाच्या कपाळाला लागलं, तीन टाके. पालकांची मीटिंग झाली, कुणी म्हणे गाडीत घालून घाटात सोडून या. हे ऐकून मला खूप वाईट वाटलं. मी जरा वाचलं तर मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा आहे, त्यात असा माणूस रस्त्यावर भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन सरकारी दवाखान्यात नेणं ही त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे, २४ तासांच्या आत. मी कलम १०० लिहूनच अर्ज दिला. पहिल्या दिवशी टोलवलं, दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजण गेलो तेव्हा गाडी आली. दीड महिना उपचार झाल्यावर त्यांनी स्वतःचं गाव सांगितलं. घरचे आठ वर्षं शोधत होते.

बालरक्षक, प्राथमिक शाळा

मी शिक्षिका आहे, शाळाबाह्य मुलं शोधून आणायचं काम माझ्याकडे आहे. डिसेंबरात पालातली दोन मुलं दाखल केली, आठ वर्षांची मुलगी आणि तिचा भाऊ. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षणहक्क कायद्यात ते स्पष्ट आहे, आणि वयाप्रमाणे वर्गात बसवायचं असतं म्हणून ती मुलगी थेट तिसरीत. पहिल्याच आठवड्यात पाच पालक आले, उवा होतील, खरूज होईल, शिव्या शिकतील. मला राग आला होता पण मी म्हटलं उवा सगळ्या वर्गाच्या तपासू. तपासल्या. चाळीसपैकी सतरा डोक्यांत निघाल्या, मग सगळ्यांनाच औषध लावलं आणि तो विषय परत कुणी काढला नाही.

ती मुलगी तोंडी गुणाकारात वर्गात पहिली, कारण आईबापाच्या ऊसाच्या मोळ्या तीच मोजते. एका गाडीत किती मोळ्या बसतात, किती टन होतो, उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) किती फिटली, सगळं तिला पाठ. अक्षर मात्र एक येत नव्हतं. आधी पालातली मोठी पोरं मैदानात खडे मारायची, ते बंद झालंय असं नाही म्हणणार, पण कमी झालं, कारण आत त्यांची भावंडं आहेत. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की ही माणसं गावी जातील. तिला शिक्षण हमी कार्ड देणार आहे म्हणजे तिकडच्या शाळेत पुन्हा पहिल्यापासून सुरू नको करायला. पण मधले तीन-चार आठवडे बुडतात ते बुडतातच, आणि कधी कधी मूल परत शाळेत जातच नाही. मला रात्री ह्याची काळजी असते.

पालात जन्मलेली, आता नोकरी मिरजेत

हे सगळं वाचून थांबले होते, लिहू का नको. माझा जन्म पालातला. आई सुया, दाभण, फण्या, पोत विकायला दारोदार जायची, मला आणि बहिणीला पालाच्या मेढीला चिंध्यांच्या दोरीनं बांधून जायची, रस्त्यावर जाऊ नये म्हणून. शाळेची घंटा ऐकू यायची. सुट्टीत पोरी कंपाउंडजवळ यायच्या आणि त्यांच्या बाई त्यांना ओरडून आत न्यायच्या. मला वाटायचं आम्ही काही केलंय.

तुम्हाला दिवसाची भीती वाटते, आम्हाला रात्रीची वाटायची. अकरा-बारा नंतर गाड्यांवरनं पोरं यायची, चांगल्या घरातली, हेडलाईट पालावर मारायची, नावं ठेवायची, कधी कापड वर करून आत बघायची. माझी आई दाराशी कोयता घेऊन बसायची, झोपायची दिवसा, चालता चालता. पोलीस चौकशीला आले तर आधी आमच्याच माणसांना उचलायचे. आमच्या आजोबांच्या वेळी तर जमातच गुन्हेगार धरायचे, इंग्रजांचा तो कायदा १९५२ ला रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतनं गेला नाही.

मिरजेच्या ताई, तुमच्या मुलीला जे झालं ते वाचून पोटात कालवलं. त्या दोघींनी तोंड उघडलं ते सोपं नव्हतं. पाल उठवल्यावर पुढच्या गावात त्यांना त्यांच्याच लोकांनी काय ऐकवलं असेल मला माहीत आहे. म्हणून सांगते, तिथं लाईट मागा. खांबावर एक मोठा दिवा लागला तरी तुमच्या आणि आमच्या दोन्हीकडच्या पोरी वाचतात. आणि बायकांशी बोला. पिणारा कोण, हात टाकणारा कोण, हे पालातल्या बाईला सगळ्यात आधी माहीत असतं. तिला विचारायला कुणी जात नाही.

चौथीतलीची आई, सांगली

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं. फोटो दोन्हीकडून काढला, खाली लिहिलं पण. तिघांनी मला ग्रुपवर सुनावलं, ऐकून घेतलं.

आज आम्ही सातजणी मुख्याध्यापकांना भेटलो. सुटायच्या वेळी दोघी पालक गेटवर थांबणार, आठवड्याचे वार वाटून घेतलेत. घ्यायला माणूस आल्याशिवाय मूल गेटबाहेर सोडायचं नाही, हे त्यांनी लगेच मान्य केलं. दिव्याचा अर्ज उद्या देतोय, त्यातच शौचालय आणि चुलींचं आजोबांसारखं लिहिलंय. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला बंदी असताना कट्ट्याजवळ गुटख्याची टपरी आहे आणि पिणारे तिथंच बसतात, ते पण घातलं.

येताना मी त्या पालाकडं गेले होते. ती बाई बाहेरच होती, भांडी घासत. मी तिला सांगायला लागले की फोटो मी पण पुढं पाठवला होता, माझी चूक झाली. ती काहीच बोलली नाही. बाळ उचललं, पदराखाली घेतलं आणि आत गेली. मी थोडा वेळ तिथंच उभी होते. परत जावं का नाही कळत नाही.

व्हॅनवाले मामा, माधवनगर रोड

जावा ताई. पण एकट्या नका जाऊ, त्या माणसांना वाटतंय उठवायलाच आल्यात. ती माझ्या वळखीच्या मुकादमाची टोळी दिसत्या, त्याची बायको पण तिथंच असती, ती बोलकी हाय. उद्या शेवटची फेरी झाली की पावणेसहाला गेटवर येतो, घरची पण येईल माझी.