पॅराशूटची चाचणी झालेली आहे!

प्रत्येक उपचाराची चाचणी हवीच का, असा विषय निघाला की "पॅराशूटची कुठे कोणी चाचणी घेतली होती, तरी वापरतातच ना" असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटला. मूळ विनोद 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या २००३ मधल्या लेखातला. पण त्याच नियतकालिकाने डिसेंबर २०१८ मध्ये चक्क चाचणी छापली. २३ जणांचे दोन गट, कोण कुठल्या गटात ते नशिबावर सोडलेलं. एका गटाच्या पाठीवर पॅराशूट, दुसऱ्याच्या पाठीवर रिकामी सॅक. सगळ्यांनी विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून उड्या मारल्या आणि निकाल सारखाच, ना कोणी मेलं ना कोणाला गंभीर इजा. मेख अशी की विमान असो की हेलिकॉप्टर, ते जमिनीवर उभं होतं, उडीची सरासरी उंची ०.६ मीटर! संशोधकांनी प्रवासी विमानात आपल्या शेजारच्यांनाही विचारून पाहिलं होतं म्हणे, पण उंचावरून उडी मारायला कोण तयार होणार? नुसता निष्कर्ष वाचणाऱ्यांची मस्त फिरकी घेतलीय.

आणि "आमचा उपचारही पॅराशूटसारखाच, चाचणी कशाला" म्हणणाऱ्या डॉक्टरांचे दावेही २०१८ मध्येच एका कॅनेडियन नियतकालिकात तपासले गेले. असे ३५ उपचार सापडले. त्यातल्या बऱ्याच उपचारांच्या चाचण्या आधीच झालेल्या किंवा चालू होत्या, आणि ठोस फायदा मोजक्यांतच दिसला.