गॅस कटिंग आणि वेल्डिंग: डीए की एलपीजी? तुमचे अनुभव लिहा

फॅब्रिकेशन, गॅरेज, एसीची कामं, जो कोणी गॅसचा टॉर्च हातात धरतो त्याने लिहा. डीए म्हणजे बाटलीत विरघळवून भरलेला अ‍ॅसिटिलीन गॅस. नुसते दर नकोत, कशावर कुठला गॅस चालतो ते सांगा.

भोसरी, फॅब्रिकेशन
आमचं प्लेट कटिंग सगळं एलपीजीवर आलंय, १९ किलोचं कमर्शियल सिलेंडर. जाड प्लेटला लांब सरळ कट मारायचा तर एलपीजीच, वरची धार वितळून गोल होत नाही आणि खाली चिकटलेली वितळलेल्या लोखंडाची मळी छिन्नीच्या एका फटक्यात सुटते, डीएला आमच्याकडे ग्राइंडर घ्यावाच लागायचा. पण प्रीहीटला, म्हणजे कट सुरू करण्याआधी प्लेट तापवायला, वेळ लागतो हो, प्लेटच्या मधोमध होल पाडायचं असलं की पोरं कंटाळतात. आणि सप्लायर सांगत नाही ती गोष्ट म्हणजे ऑक्सिजन. ज्योत नीट जुळवायची तर डीएच्या एका भागाला साधारण सव्वा भाग ऑक्सिजन पुरतो, एलपीजीला चार भाग लागतात, त्यामुळे फक्त गॅसचं बिल बघून हिशोब केला तर तो खोटा, ऑक्सिजनच्या बाटल्या धरूनच करा. तरी आम्हाला परवडतं कारण दिवसभर लांब कट असतात, बारीकसारीक तुकड्यांचं काम असतं तर मी डीएच ठेवला असता.

सातारा, गाड्यांचं पत्राकाम
वेल्डिंगला डीएशिवाय पर्याय नाही, कोणी काही सांगू देत. ३१०० डिग्रीच्या आसपास ज्योत, आणि ती वितळलेल्या लोखंडाला हवेपासून सांभाळते. एलपीजीवर जोड मारून बघितलाय, भोकं पडतात, ठोकला की तुटतो.

ठाणे, एसी फिटिंग
तांब्याच्या पाइपला एलपीजी-ऑक्सिजन आणि जोडाला फॉस-कॉपरची (फॉस्फरस मिसळलेल्या तांब्याची) काडी, मस्त चालतं, जिन्यावरून न्यायलाही हलकं. फक्त डीएच्या लाइनला तांब्याचा तुकडा कुणी जोडू नका, आत स्फोटक थर बसतो.

इचलकरंजी
वडिलांच्या वेळी अ‍ॅसिटिलीन बनवायला कार्बाईडचा पॉट होता, पाणी घाला, लसणासारखा वास, आणि मागे चुन्याचा राडा. डीएची बाटली आली आणि ती कटकट गेली. पण ती बाटली आडवी ठेवून वापरायची नाही, आत अ‍ॅसिटोन असतं, ते गॅसबरोबर बाहेर येतं. हे नवीन पोरांना रोज सांगावं लागतं.

नाशिक, अंबड
टाकीत किंवा खड्ड्यात उतरून काम असेल तर एलपीजी जड, तळाला साचतो, वर उभ्या माणसाला वासही येत नाही. आम्ही जेवायला वर आलो की टॉर्च पाइपसकट वर काढतो आणि सिलेंडर बंद, आत काहीच ठेवत नाही.

भोसरी
बरोबर. आणि एलपीजीवर जाणाऱ्यांनी नोझलही बदला, एलपीजीचं दोन तुकड्यांचं येतं, डीएचं लावून चालवलं तर ज्योत टिकत नाही.