मदत हवी आहे: ‘ड्रुइड’मधला ‘द्रु’ म्हणजे ओक की पक्का?

मंडळी, इथे तुलनात्मक भाषाशास्त्र शिकलेलं कुणी आहे का?

युरोपातल्या प्राचीन केल्टिक लोकांच्या पुरोहितांना ‘ड्रुइड’ म्हणत. प्राचीन आयरिशमध्ये ‘द्रुई’, सीझरच्या लॅटिनमध्ये ‘द्रुइदेस’. यावरून मूळ केल्टिक रूप ‘*द्रु-विद्-स्’ असं काहीतरी मांडतात (तारांकन म्हणजे लेखी पुरावा नाही, तर्काने बांधलेलं रूप). ‘विद्’ म्हणजे जाणणे, याबद्दल शंका नाही, तो आपल्या वेद-विद्येतलाच. अडलंय ते ‘द्रु’वर.

पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने त्याचा संबंध ग्रीक ‘द्रुस’शी, म्हणजे ओक वृक्षाशी लावला. संस्कृतातले द्रुम (झाड), दारु (लाकूड) त्याच कुळातले, त्यामुळे ‘ओक जाणणारा’ ऐकायला झकास वाटतं. जरा जास्तच झकास! दुसरा पक्ष म्हणतो, इथे ‘द्रु’ म्हणजे पक्का, भक्कम. म्हणून ‘पक्का जाणकार’. मला हे जास्त पटतं, पण ठोस आधार हवाय.

शिवाय वेल्शमध्ये (हीसुद्धा आयरिशसारखीच केल्टिक भाषा) ड्रुइडला ‘देर्विद’ म्हणतात आणि ओकला ‘देर्व’. मग आयरिशमध्ये ‘द्रु’ आणि वेल्शमध्ये ‘देर्’ कसं? ‘देर्विद’ जुनाच शब्द आहे की ओकच्या कल्पनेवरून नंतर घडवलेला? स्वरबदलाचा नियम कुणी सोप्या मराठीत उलगडून सांगेल का?