ठाणे-नवी मुंबईतले पुतळे, शिल्पं, भित्तिचित्रं: विकिपीडियावर नोंदवायला स्वयंसेवक बोलवावेत का?

(चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

कोनशिला

चौकातला कुठलाही पुतळा घ्या आणि त्याची कोनशिला वाचा. महापौर, आयुक्त, प्रमुख पाहुणे, प्रभागाचे नगरसेवक सगळे सापडतील. घडवणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा नसतं. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९६१ सालचा, कल्याणच्या सदाशिव साठ्यांनी घडवलेला. त्याच्यासमोर फोटो काढणाऱ्या किती जणांना साठे माहीत आहेत? इतक्या नामवंत कामाची ही गत, मग आपल्या ठाण्यातल्या एखाद्या अर्धपुतळ्याचा किंवा नेरूळच्या उद्यानातल्या शिल्पाचा कर्ता कोण सांगणार?

म्हणून प्रस्ताव असा: महाविद्यालयांचे राष्ट्रीय सेवा योजनेचे गट, कलाशिक्षक आणि सकाळी फिरायला जाणारी मंडळी यांना बोलावून प्रभागवार नोंदणी करायची. कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९८९ पासून हजारो स्वयंसेवकांनी उघड्यावरच्या शिल्पांची पाहणी केली, आणि २००९ मध्ये इंडियानापोलिसच्या विद्यापीठातल्या शिक्षकांनी हेच काम विद्यार्थ्यांकरवी विकिपीडियावर आणलं.

प्रत्येक कलाकृतीसाठी चारी बाजूंनी चार छायाचित्रं, तिरक्या कोनातून दोन, आजूबाजूचा चौक दिसेल असं एक, कोनशिलेचं वाचता येईल असं एक. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सहीचं. सही किंवा ओतकाम करणाऱ्याची खूण बहुधा मागच्या बाजूला, पायाजवळ किंवा अंगरख्याच्या काठावर असते. समोरूनच फोटो काढणाऱ्याला ती कधीच दिसत नाही.

गस्त

पूर्ण असहमत. पुतळ्यांची नोंद नको असं नाही, पण घोळका बोलावून ती होत नाही. मोहीम दोन दिवसांची, निस्तरणं दोन वर्षांचं, आणि ते करतात विकिपीडियावरचे तेच पाच-सात जण.

नेमकं काय होतं ते सांगतो. प्रमाणपत्रासाठी आलेला विद्यार्थी थेट लेख सुरू करतो. दोन ओळी, एक फोटो, संदर्भ शून्य. स्वतंत्र लेखासाठी त्या विषयावर त्रयस्थ, विश्वासार्ह प्रकाशनात पुरेसं लेखन झालेलं असावं लागतं. चौकातल्या अर्धपुतळ्यावर ते नसतं, म्हणून लेख वगळला जातो आणि विद्यार्थी कायमचा दुरावतो. दुसरं, फोटो व्हॉट्सॲपवरून गोळा केले जातात. त्यात चित्र दाबलं जातं आणि फोटोतली जागेची व वेळेची माहिती पुसली जाते. मग 'पुतळा १', 'पुतळा २' अशा नावांच्या फायली कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या खुल्या चित्रसाठ्यावर, येतात, आणि कुठला पुतळा कुठल्या चौकातला हे कोणालाच सांगता येत नाही. तिसरं, स्पर्धा ठेवली की सगळे फोटोंच्या आकड्यामागे धावतात. २०११ मध्ये विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स या वारसावास्तूंच्या छायाचित्रांच्या स्पर्धेत १ लाख ६८ हजारांवर छायाचित्रं आली. आकडा मोठा आहे, पण प्रत्येक फोटोचं वर्गीकरण कोणीतरी हातानेच करायचं असतं.

कलम बावन्न

वर 'भित्तिचित्रं' हा शब्द सहज आला आहे, म्हणून आधी कायदा.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१), इंग्रजी प्रतीतलं उपकलम 'टी': सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचं छायाचित्र काढणं आणि प्रसिद्ध करणं हा हक्कभंग नाही. ही सूट शिल्पाला आहे, कलात्मक कारागिरीच्या कामालाही आहे. इमारतींसाठी त्याच्या आधीचं उपकलम आहे. रंगवलेलं चित्र मात्र यांत कुठेच बसत नाही. म्हणून वाशीच्या शिवाजी चौकातल्या पुतळ्याचा फोटो कॉमन्सवर चालतो, आणि शेजारच्या कुंपणावरच्या ताज्या चित्राचा फोटो वगळला जातो. त्या चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो.

कडेच्या गोष्टीही लक्षात घ्या. सिमेंट किंवा धातूचं उठावकाम शिल्पात मोडतं, त्यामुळे चालतं. गणेशोत्सवातला देखावा किंवा चार महिन्यांचा सेल्फी पॉइंट 'कायमस्वरूपी' नाही, त्यामुळे चालत नाही. भिंतीवर कवितेच्या ओळी असतील तर कवितेचा हक्क वेगळा: केशवसुत १९०५ मध्ये गेले, ते मोकळे, कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यांच्या ओळी २०५९ अखेरपर्यंत संरक्षित. रस्त्याच्या रुंद दृश्यात चित्र कोपऱ्यात, नगण्य आकाराचं आलं तर सहसा हरकत घेतली जात नाही. स्वयंसेवकांना हे पहिल्या तासात सांगितलं नाही, तर निम्मी मेहनत पाण्यात जाईल.

मातीकाम

मी शिल्पकारांच्या बाजूने लिहितो आहे, आणि माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माहिती नसणाऱ्याने भरलेली माहिती ही रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट.

'धातू: ब्राँझ' असं लिहायला काय लागतं? आज फायबरच्या पुतळ्याला ब्राँझचा रंग देतात, आणि खऱ्या ब्राँझलाही जयंतीच्या आधी सोनेरी रंग फासतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. फायबर असेल तर सांध्याची सरळ रेघ दिसते, तडे गेले असतील तर आतले पांढरे तंतू दिसतात. ब्राँझ असेल तर पावसाळ्यानंतर चौथऱ्याच्या दगडावर हिरवट ओघळ दिसतात, पण रंगकाम झालेलं असेल तर तेही दिसत नाहीत. टिचकी मारून बघायला कोणी चौथऱ्यावर चढू नये. तो त्या व्यक्तीचा अनादर आहे आणि त्यावरून चौकात तंटा उभा राहील.

उंचीचंही तेच. बातमीतली उंची बहुतेकदा चौथऱ्यासकट असते.

सर्वांत धोक्याचा रकाना 'स्थिती' हा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण होऊन २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आतला सांगाडा, जोडाचे बोल्ट, त्यांना लागलेला गंज हे बाहेरून दिसत नाही. विद्यार्थ्याने 'स्थिती: चांगली' असं नोंदवलं तर उद्या तीच नोंद कोणीतरी दाखला म्हणून पुढे करेल.

पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे शिल्पकाराचं नाव, मापं, माध्यम हे सगळं कुठल्या ना कुठल्या फायलीत असतं. ते सरकारने आणि पालिकांनी स्वतः खुलं करावं. जनतेच्या पैशाने झालेल्या कामाची यादी फुकट राबणाऱ्या पोरांनी का करायची?

कोनशिला

मातीकाम, 'स्थिती' हा रकाना काढून टाकू, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. तडा दिसला तर फक्त तारीख घालून फोटो ठेवायचा, शेरा नाही. माध्यमाबद्दल खात्री नसेल तर तोही रकाना कोरा.

उंची मोजता येते. चौथऱ्याला टेकवून १ मीटरची पट्टी उभी धरायची, उंचीच्या किमान तिप्पट लांब जाऊन, फोन न कलवता फोटो घ्यायचा. फोन वर कलवला की वरचा भाग आखडतो आणि उंची कमी येते. चौथरा वेगळा, पुतळा वेगळा. आलेला आकडा 'अंदाजे' म्हणूनच लिहायचा.

पण 'सरकारने करावं' यावर थांबता येणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. कार्यादेश, सर्वसाधारण सभेचा ठराव, शिल्पकाराशी झालेला करार, अनावरणाची तारीख या चार गोष्टी मागायच्या. आणि हा अर्ज कोणत्या पुतळ्यासाठी करायचा हे ठरवायला आधी यादी लागते. ती चालत फिरूनच होते.

गस्त, तुमच्या पहिल्या आक्षेपाला उत्तर: लेख लिहायचाच नाही. आधी विकिडेटा (विकिपीडियाचा रकान्यांत माहिती ठेवणारा साठा), मग कॉमन्स, लेख झालाच तर सगळ्यात शेवटी. विकिडेटावर प्रत्येक पुतळ्याची स्वतंत्र नोंद चालते, फक्त ती वस्तू निश्चित ओळखता यायला हवी आणि तिला प्रसिद्ध आधार हवा. रकाने सात पुरेत, कंसात विकिडेटावरचे त्यांचे क्रमांक: प्रकार, कोणाचं स्मरण (पी५४७), कर्ता (पी१७०), माध्यम (पी१८६), उंची (पी२०४८), अनावरणाचा दिवस (पी१६१९), अक्षांश-रेखांश (पी६२५).

गस्त

लेख नाही म्हणालात, हे बरं झालं. तरी अडचणी उरतातच.

अक्षांश-रेखांश: फोन जी जागा नोंदवतो ती फोटो काढणाऱ्याची, पुतळ्याची नव्हे. रस्त्यापलीकडून फोटो घेतला तर २०-३० मीटरचा फरक. कॉमन्सवर कॅमेऱ्याची जागा आणि वस्तूची जागा असे दोन वेगळे रकाने आहेत, ते कोणी वाचत नाही. विकिडेटावर वस्तूची जागा हवी, उपग्रह-नकाशावर बोट ठेवून घेतलेली. दशांशानंतर ५ अंक पुरतात, तेवढ्यात साधारण १ मीटरपर्यंत पोचता येतं. १५ अंकी आकडे चिकटवण्यात अर्थ नाही.

दुबार नोंदी: एकाच महापुरुषाचे शहरात अनेक पुतळे असतात. नावातच चौक आणि उपनगर हवं: 'छत्रपती शिवाजी महाराज पुतळा, शिवाजी चौक, वाशी'. नवी नोंद करण्याआधी विकिशूटमी या विकिडेटाच्या नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागी आधीची नोंद आहे का ते पाहायचं.

आणि माहिती अधिकारातलं उत्तर हे प्रकाशित साधन नाही. ते अर्जदाराच्या घरी येतं, दुसऱ्याला पडताळता येत नाही. विकिपीडियावर ते संदर्भ म्हणून टिकणार नाही.

कोनशिला

संदर्भ म्हणून नाही, वाट दाखवायला. उत्तरातून अनावरणाची तारीख कळली की त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्राचे अंक काढायचे. बातमीत शिल्पकाराचं नाव पुष्कळदा एका ओळीत असतं. तारीख माहीत नसेल तर ती ओळ शोधणं अशक्य. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, जुन्या अंकांची चौकशी तिथून सुरू करावी. कोनशिलेवरचा मजकूर स्वतःच एक संदर्भ आहे, त्यातली तारीख आणि बसवणारी संस्था तरी घेता येते.

खाडीकाठ

सगळे पुतळ्यांवर बोलत आहात. पुतळा पन्नास वर्षं राहतो, भिंत पुढच्या स्वच्छ सर्वेक्षणापर्यंत. नवी मुंबईत एकावर एक थर रंगवले जातात, आणि खालचं चित्र कोणी काढलं होतं याचा मागमूस राहत नाही. तरुण चित्रकारांचं सर्वाधिक काम याच भिंतींवर आहे, आणि कलम ५२ मुळे नेमकं तेच बाहेर राहणार?

कलम बावन्न

बाहेर राहायलाच हवं असं नाही. कलम १७ पाहा. मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्कधारक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. शासकीय आणि सार्वजनिक संस्थांसाठी त्याच कलमात वेगळ्या तरतुदी आहेत. शिल्प या मोबदल्याच्या पोटकलमात नाही, पण चित्र आहे. म्हणजे पालिकेने करून घेतलेल्या भिंतींसाठी चित्रकारांना एकेक करून गाठण्याऐवजी पालिकेकडून एकच पत्र मिळवता येईल. करारात हक्क चित्रकाराकडे ठेवला असेल तर मात्र त्याचीच परवानगी लागेल.

पत्रातल्या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. 'विकिपीडियावर वापरण्यास हरकत नाही' एवढं लिहिलेलं पत्र कॉमन्स नाकारतं. 'कोणालाही, कोणत्याही कारणासाठी, व्यावसायिक वापर व बदल करण्याच्या मुभेसह, क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए ४.० परवान्याखाली' असं हवं, सोबत भिंतींची यादी हवी, आणि ते कार्यालयाच्या अधिकृत ईमेलवरूनच जायला हवं.

मातीकाम

याच ओळीला माझा आक्षेप आहे. 'व्यावसायिक वापर व बदल' म्हणजे त्या चित्राचे मग आणि टी-शर्ट छापून कोणीही विकणार, चित्रकाराला दमडी मिळणार नाही. पालिकेला कायद्याने तो हक्क असेलही, पण चित्रकाराला न विचारता सोडून देणं अन्यायाचं आहे. आयजीच्या जीवावर बायजी उदार!

कलम ५७ विसरू नका. हक्क विकला तरी नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सेहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकलं गेलं. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि ५ लाख रुपये भरपाई दिली. चित्रकाराचं नाव नसलेली भिंत कॉमन्सवर चढवणं मला मान्य नाही.

खाडीकाठ

मग क्रम असा ठेवा: भिंत रंगवली जात असतानाच जाऊन नाव विचारायचं, कारण तेव्हा चित्रकार तिथेच असतो. ते लिहून ठेवायचं आणि त्याला चालेल का हेही विचारायचं. मूळ फोटो जपून ठेवायचे, संमती आणि पत्र येईपर्यंत चढवायचे नाहीत. विकिडेटाची नोंद चित्राविना होऊ शकते, फक्त आधाराला बातमी किंवा पालिकेचं प्रसिद्धिपत्रक हवं. भिंत पुसली गेली की तिथे नष्ट झाल्याची तारीख भरायची. पाम बीच रस्त्याकडेच्या कामांसाठी गाडी कडेला थांबवू नये, वाहनं वेगात असतात. पदपथावरूनच जावं.

मातीकाम

चित्रकाराची संमती आधी, पालिकेचं पत्र नंतर, असा क्रम लेखी ठरत असेल तर भिंतींपुरता विरोध मागे. पुतळ्यांचं माध्यम मात्र माहितगाराने पाहिल्याशिवाय भरू नका, यावर मी ठाम आहे.

गस्त

माझा घोळक्याला विरोध कायम आहे. स्पर्धा नको, बक्षिसं नकोत, 'सर्वाधिक फोटो' असली यादी नको. करायचंच असेल तर एक प्रभाग, सहा माणसं: दोघं फोटोला, एक कोनशिला उतरवायला, एक मापांना, दोघं घरी बसून विकिडेटावर. एका प्रभागातल्या सगळ्या नोंदी तपासून झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. फोटो केबलने किंवा ड्राइव्हवरून मूळ आकारात घ्यायचे.

कोनशिला

सहा मान्य. पहिला प्रभाग वाशीचा घेऊ. शिवाजी चौक आणि भावे नाट्यगृहाचा परिसर चालत होतो. फोटोंना सकाळी साडेसात ते नऊची वेळ. त्यानंतर ऊन डोक्यावर आलं की चेहरा काळा येतो. जयंतीच्या आसपासचे आठ दिवस टाळू, हारांखाली सही आणि तपशील झाकले जातात. माध्यमाचा रकाना मातीकाम पाहीपर्यंत सगळीकडे कोरा.

गस्त

विकिडेटाच्या दोघांपैकी एक मी. फायलींच्या नावांची पद्धत आधी इथे लिहा, मग माणसं बोलवा.